‘डिस्ट्रिक्ट’ आणि ‘स्थानिक नियंत्रण’ : रॉड्रिगेझ निकालपत्राची शब्दचिकित्सा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च १९७३ रोजी ‘सॅन अँटोनिओ इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध रॉड्रिगेझ’ ह्या खटल्याचा निकाल दिला. शालेय शिक्षणाचा खर्च मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर अवलंबून ठेवल्याने श्रीमंत व दरिद्री वस्त्यांच्या शाळांत जी तफावत पडते, ती संघराज्याच्या घटनेचा भंग करीत नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. ह्या निकालाची चर्चा कायदेपंडितांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी केली आहे व ती साहजिकच आहे. परंतु निकालपत्र हा अखेर शब्दांनी रचलेला युक्तिवाद असतो. आणि ह्या निकालपत्रात दोन शब्दांवर इतका भार पडला आहे, की ते शब्द तो भार पेलतात की नाही हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते. ‘डिस्ट्रिक्ट’ आणि ‘स्थानिक नियंत्रण’ हे ते दोन शब्द होत.

मराठी वाचकाची अडचण पहिल्याच शब्दापाशी सुरू होते. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा, हे समीकरण आपल्याकडे दीड शतकांहून अधिक काळ रूढ आहे. जिल्हा म्हटले की कलेक्टर, तालुके, शे-दोनशे मैलांचा प्रदेश डोळ्यांपुढे येतो. मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली १९४७ नंतर जी जिल्हा स्कूल बोर्डे होती, तीही अशाच विस्ताराची होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्यांचे काम त्या परिषदांकडे गेले. अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्ट ही वस्तू निराळीच आहे. एका काउंटीत, किंबहुना एका शहराच्या पोटात, असे दहाबारा डिस्ट्रिक्ट असू शकतात. एखाद्याचा विस्तार आपल्या एका पेठेएवढाही असतो. त्याला जिल्हा म्हणणे म्हणजे अर्थाचा अनर्थ करणे होय. म्हणून येथे मूळ शब्दच कायम ठेवला आहे. ‘पब्लिक स्कूल’ ह्या शब्दाचीही हीच गत आहे. इंग्लंडात आणि त्या अनुकरणाने आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हणजे भरभक्कम शुल्काची खाजगी शाळा. अमेरिकेत मात्र ती करांवर चालणारी, विनाशुल्क, सर्वांची शाळा. निदान तिच्या नावाचा दावा तसा आहे.

टेक्सस राज्यातील ‘इंडिपेंडंट’ स्कूल डिस्ट्रिक्ट हा कशापासून स्वतंत्र आहे, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो राज्यापासून स्वतंत्र नाही. राज्याच्या कायद्यानेच तो निर्माण होतो आणि राज्याच्या कायद्यानेच त्याचे विसर्जन होऊ शकते. तो स्वतंत्र आहे तो नगरपालिकेपासून. त्याचे विश्वस्त मंडळ, बहुधा सात जणांचे, मतदार थेट निवडतात. हे मंडळ सुपरिंटेंडेंटची नेमणूक करते, अंदाजपत्रक मंजूर करते, मालमत्ता कराचा दर ठरवते आणि इमारतींसाठी मतदारांच्या संमतीने कर्जरोखे काढते. शिक्षणाकरिता निराळे सरकार, निराळा कर आणि निराळी निवडणूक, अशी ही रचना आहे. ती प्राचीन व अढळ असल्याचा भास तिच्या समर्थकांच्या लिखाणातून होतो. वस्तुतः १९३९-४० साली सर्व देशात असे १ लाख १७ हजारांहून अधिक डिस्ट्रिक्ट होते. आज ते सुमारे १३ हजार आहेत. राज्यांनी ते जोडले, मोडले, एकमेकांत विलीन केले. जी सीमा कालच्या कायद्याने आखली तिला परंपरेचे पावित्र्य आजच्या वादात प्राप्त होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

खटल्यात दोन डिस्ट्रिक्टांची तुलना केंद्रस्थानी होती. दोन्ही सॅन अँटोनिओच्या परिसरातले, दोन्ही बेअर काउंटीतले. एजवुड हा शहराच्या पश्चिम बाजूचा. त्यात २५ शाळा व सुमारे २२ हजार विद्यार्थी; त्यांपैकी जवळजवळ ९० टक्के मेक्सिकन वंशाचे व ६ टक्क्यांहून थोडे अधिक कृष्णवर्णीय. वस्ती घरांची, व्यापारी वा औद्योगिक मालमत्ता नाममात्र. अ‍ॅलॅमो हाइट्स हे त्याच महानगराच्या पोटातले, पण स्वतःची नगरपालिका असलेले श्रीमंत उपनगर. त्याच्या डिस्ट्रिक्टात सहा शाळा व सुमारे ५ हजार विद्यार्थी, बहुतेक श्वेतवर्णीय. १९६७-६८ सालचे आकडे निकालपत्रातच दिले आहेत. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरांची. अ‍ॅलॅमो हाइट्समध्ये ४९ हजारांहून अधिक. एजवुडचे रहिवासी शंभर डॉलरांमागे १ डॉलर ५ सेंट कर भरीत होते, अ‍ॅलॅमो हाइट्सचे ८५ सेंट. राज्याच्या मूलभूत योजनेतील आपला वाटा भरून झाल्यावर एजवुडच्या हाती ह्या चढ्या दरातून उरले विद्यार्थ्यामागे २६ डॉलर. अ‍ॅलॅमो हाइट्सच्या हाती उतरत्या दरातून ३३३. राज्याच्या योजनेतून, जी १९४९ साली विषमता कमी करण्याच्या हेतूने सुरू झाली होती, एजवुडला मिळाले २२२ आणि अ‍ॅलॅमो हाइट्सला २२५. केंद्राचे अनुक्रमे १०८ व ३६ मिळवले की एकूण बेरीज ३५६ आणि ५९४ होते. राज्याच्या त्या तीन डॉलरांच्या फरकावर कोणतेही भाष्य न करणेच बरे.

ही आकडेवारी वर्गात काय होऊन बसते हे थर्गुड मार्शल ह्यांच्या विरोधी मतपत्रात दिसते. एजवुडमधील ४७ टक्के शिक्षक पूर्ण पात्रतेविना, तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत होते; अ‍ॅलॅमो हाइट्समध्ये हेच प्रमाण ११ टक्के होते. १६ मे १९६८ रोजी एजवुड हायस्कूलचे सुमारे चारशे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले ते मोडक्या इमारती आणि अपात्र शिक्षक ह्यांविरुद्ध. त्याच वर्षी डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि अन्य पालकांनी दावा लावला. रॉड्रिगेझ हे केली विमानतळावर पत्राकाम करणारे कामगार होते. डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघराज्य न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि टेक्ससने वर दाद मागितली.

बहुमताचे निकालपत्र लुइस पॉवेल ह्यांनी लिहिले. ते स्वतः १९५२ ते १९६१ ह्या काळात व्हर्जिनियातील रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, हे त्यांच्या भाषेतील आपलेपणा समजून घेण्यास उपयोगी पडते. त्यांच्या युक्तिवादाची पहिली पायरी अशी की, शिक्षणाचा हक्क संघराज्याच्या घटनेत स्पष्टपणे वा गर्भितार्थानेही दिलेला नाही. म्हणून तो मूलभूत हक्क नव्हे. असे एकदा ठरले की राज्याच्या पद्धतीला केवळ एखादा समंजस हेतू असला म्हणजे पुरे. हा समंजस हेतू म्हणून जो शब्दप्रयोग पुढे येतो तो ‘स्थानिक नियंत्रण’.

पॉवेल ह्यांनी ह्या शब्दाची फोड केली आहे, आणि ती प्रामाणिकपणे केली आहे. त्यांच्या मते त्यात दोन गोष्टी येतात. आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी अधिक पैसा खर्च करण्याची मोकळीक, ही एक. आणि गोळा झालेला पैसा कसा खर्चावा हे ठरविण्यात भाग घेण्याची संधी, ही दुसरी. नवे प्रयोग व निकोप चढाओढ ह्यांचाही ते उल्लेख करतात. येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. इंग्रजीतील ‘कंट्रोल’ ह्या एका शब्दात हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात. मराठीत उतरविताना मात्र अनुवादकाला निवड करावी लागते. दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘कारभार’ हा उत्तम शब्द आहे. पहिल्या अर्थासाठी ‘कारभार’ चालत नाही; तेथे ‘ऐपत’ म्हणावे लागते. आणि ‘स्थानिक कारभार’ व ‘स्थानिक ऐपत’ हे शब्द शेजारी ठेवले की निकालपत्राचा सांधा कोठे निखळतो ते चटकन दिसते. कारभार मतपेटीतून मिळतो व तो एजवुडलाही होता. ऐपत मतपेटीतून मिळत नाही. निकालपत्र एका वाक्यात कारभाराचे गुण सांगते आणि पुढच्या वाक्यात त्यांचे श्रेय ऐपतीच्या पदरात टाकते. कारभार ठेवून ऐपत सारखी करता येईल की नाही, हा खरा प्रश्न शब्दाच्या एकेरीपणामुळे झाकला जातो. मार्शल ह्यांनी हे हेरले होते. पाठ्यपुस्तके, शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम ह्या सर्व गोष्टींत टेक्सस राज्य पूर्वीपासूनच हात घालत होते. मग स्थानिक नियंत्रण नेमके पैशाच्या प्रश्नापुरतेच का आठवावे, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख आहे.

बायरन व्हाइट ह्यांनी तर पहिल्या अर्थाचाही पाया आकड्यांनी काढून घेतला. बेअर काउंटीतील सर्वांत अधिक उत्पन्न मिळविणाऱ्या डिस्ट्रिक्टाची बरोबरी करावयाची झाल्यास अ‍ॅलॅमो हाइट्सला शंभर डॉलरांमागे ६८ सेंट कर पुरला असता. एजवुडला ५ डॉलर ७६ सेंट लावावे लागले असते. आणि राज्याच्या कायद्याने ह्या कराची कमाल मर्यादा १ डॉलर ५० सेंट अशी घातली होती. म्हणजे ज्या मोकळिकीचा गौरव बहुमत करीत होते, ती वापरणे एजवुडला कायद्यानेच मना होते. (मराठीत ‘कंट्रोल’ हा शब्द महायुद्धाच्या काळात धान्यवाटपाशी कायमचा जडला. कंट्रोलच्या दुकानात काय आणि किती मिळावयाचे ते वर ठरे. रांग तेवढी स्थानिक असे. एजवुडच्या वाट्याचे नियंत्रण इंग्रजीपेक्षा ह्या मराठी अर्थालाच अधिक जवळचे होते.)

आता ‘डिस्ट्रिक्ट’ ह्या शब्दाकडे वळावे. निकालपत्राच्या वाक्यरचनेत ह्या शब्दाचे जे होते ते अधिक गंभीर आहे. डिस्ट्रिक्ट कर लावतो, डिस्ट्रिक्ट पसंती ठरवतो, डिस्ट्रिक्ट प्रयोग करतो, डिस्ट्रिक्ट चढाओढीत उतरतो : क्रियापदे सारी माणसाची आहेत. तो इच्छा असलेला, विवेक असलेला कर्ता आहे. परंतु जेथे अन्याय झाला काय असा प्रश्न येतो, तेथे व्याकरण पालटते. दरिद्री डिस्ट्रिक्टात राहणारे सर्वच दरिद्री असतील असे नाही, श्रीमंत डिस्ट्रिक्टातही गरीब असतील. म्हणून ज्यांच्यावर अन्याय झाला असा निश्चित वर्ग दाखविता येत नाही, असे बहुमत म्हणते. येथे डिस्ट्रिक्ट ही व्यक्ती उरत नाही; ती नकाशावरील एक रेषा होते आणि रेषेला वेदना नसतात. कर्ता असताना सजीव, कर्म असताना निर्जीव, अशी ही द्विविध योजना आहे. एजवुडमधील कुटुंबाचे मध्यम उत्पन्न ४,६८६ डॉलर आणि अ‍ॅलॅमो हाइट्समधील ८,००१ डॉलर हे आकडे त्याच निकालपत्रात, काही पानांच्या अंतरावर आहेत.

येथे बहुमतावर अन्याय होऊ नये. अधिक पैसा म्हणजे अधिक चांगले शिक्षण, हे समीकरण त्या वेळी विद्वानांत वादग्रस्त होते. १९६६ सालच्या कोलमन अहवालाने शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक असल्याचे दाखविले होते, आणि ज्या प्रश्नावर तज्ज्ञांचे एकमत नाही तेथे न्यायाधीशांनी घाई करू नये ह्या म्हणण्यात तथ्य आहे. जवळजवळ सर्व राज्यांची करपद्धती एका निकालाने उलथेल ही भीतीही काल्पनिक नव्हती. बहुमतात सामील झालेले पॉटर स्ट्यूअर्ट ह्यांनी स्वतंत्र टिपणात ही पद्धत गोंधळाची व अन्यायाची आहे असे कबूल करून, तरीही ती घटनाबाह्य नाही असे म्हटले. त्या टिपणात जो सरळपणा आहे तो मुख्य निकालपत्रात नाही. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७१ साली उलट निर्णय दिला होता. तेथील मतदारांनी १९७८ मध्ये मालमत्ता करावरच कडक मर्यादा घातली. ह्या दोन घटनांचा परस्परसंबंध आहे असे मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. पैशाच्या परिणामाविषयी मात्र पुढील संशोधन कोलमनपाशी थांबलेले नाही. जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको ह्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासाप्रमाणे बाराही वर्षे खर्च १० टक्क्यांनी वाढला तर त्या मुलांची पुढील वेतने सुमारे ७ टक्क्यांनी वाढतात, आणि हा लाभ गरीब घरांतील मुलांत अधिक ठळक दिसतो.

संघराज्याच्या घटनेत जो शब्द सापडला नाही, तो राज्याच्या घटनेत सापडला. टेक्ससच्या १८७६ सालच्या घटनेत सार्वजनिक विनाशुल्क शाळांची ‘एफिशंट’ व्यवस्था राखण्याचे कर्तव्य विधिमंडळावर सोपविले आहे. १९८४ मध्ये एजवुड डिस्ट्रिक्टानेच दावा लावला आणि २ ऑक्टोबर १९८९ रोजी टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो मान्य केला. ऑस्कर मॉझी ह्यांचे निकालपत्र हे रॉड्रिगेझ निकालपत्राशेजारी ठेवून वाचावे. त्यात सारा खल एका विशेषणाचा आहे : घटनाकारांच्या काळी ह्या शब्दाचा अर्थ आजच्याहून निराळा होता काय? नव्हता, असे न्यायालय म्हणते. परिणाम साधणारे, साधने वाया न घालविणारे, ते एफिशंट. मराठीत ह्याला ‘कार्यक्षम’ म्हणण्याची सवय आहे आणि कार्यक्षम म्हटले की काटकसर डोळ्यांपुढे येते. न्यायालयाने मात्र ज्ञानाचा सार्वत्रिक प्रसार हे घटनेने सांगितलेले साध्य धरून त्या साध्याच्या दृष्टीने कार्यक्षमता मोजली. तेव्हा एजवुडमध्ये विद्यार्थ्यामागे मालमत्ता ३८,८५४ डॉलर आणि अ‍ॅलॅमो हाइट्समध्ये ५ लाख ७० हजार १०९ डॉलर होती; सर्व राज्यात सर्वांत श्रीमंत व सर्वांत दरिद्री डिस्ट्रिक्टांचे प्रमाण ७०० ला १ असे भरत होते. साठच्या दशकात आठपट असलेले एजवुड व अ‍ॅलॅमो हाइट्स ह्यांचे अंतर दोन दशकांत जवळजवळ पंधरापट झाले होते. स्थानिक नियंत्रणाचा मुद्दा येथेही निघाला. त्यावर, दरिद्री डिस्ट्रिक्टाला हे नियंत्रण मुळातच लाभत नाही, असे उत्तर मिळाले. म्हणजे १९७३ साली अल्पमतात राहिलेला अर्थ १९८९ साली एका राज्यापुरता मान्य झाला.

पुढील शब्दसंघर्ष विधिमंडळात आणि वृत्तपत्रांतून झाला. दोन कायदे न्यायालयाने नाकारले, १ मे १९९३ रोजी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांनी नाकारला, आणि त्याच वर्षी जो कायदा अखेर झाला तो १९९५ मध्ये न्यायालयात टिकला. विद्यार्थ्यामागे २ लाख ८० हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेल्या डिस्ट्रिक्टाने पाचांपैकी एका मार्गाने जादा मालमत्तेचा लाभ इतरांना द्यावा, अशी त्याची तरतूद होती. ह्या तरतुदीला ‘रीकॅप्चर’ म्हणजे परतग्रहण म्हटले जाऊ लागले, आणि लोकांच्या तोंडी नाव पडले ‘रॉबिन हूड’. दोन्ही नावांत एक आरोप दडलेला आहे. परत घेणे म्हणजे आधी दिलेले काढून घेणे. रॉबिन हूड कितीही परोपकारी असला तरी तो दरोडेखोरच. राज्याच्या अधिकाराने, राज्याने आखलेल्या सीमेत, राज्याने ठरविलेल्या मर्यादेत गोळा झालेला कर हा त्या सीमेतील रहिवाशांचा खाजगी ठेवा आहे, हे गृहीत धरल्याखेरीज ही नावे सुचतच नाहीत. कायद्याची बाजू घेणाऱ्यांनीही ती विनातक्रार वापरली, हे नवल आहे. २०१९ मध्ये ह्या प्रकरणाची नव्याने रचना झाली, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘हक्काहून अधिक’ असलेल्या स्थानिक उत्पन्नाची भाषा आली. शीर्षक बोजड आहे, पण त्याने वादाची दिशा बदलली : किती घेतले, ह्याऐवजी हक्क किती, असा प्रश्न पडावा अशी ती रचना आहे. लोकांच्या तोंडी मात्र रॉबिन हूडच राहिला.

उरला प्रश्न कामगिरीचा. टेक्सस राज्य २०१८ पासून डिस्ट्रिक्टांना ‘ए’ ते ‘एफ’ अशी अक्षरे देते. अक्षर डिस्ट्रिक्टाला मिळते, मुलाला नाही. म्हणजे येथेही डिस्ट्रिक्ट हाच परीक्षार्थी. डॅलसच्या उत्तरेकडील प्लेनो, फ्रिस्को ह्यांसारख्या उपनगरांत किंवा न्यू जर्सीतील एडिसनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यात ‘डिस्ट्रिक्ट चांगला आहे’ हे वाक्य घर घेताना हमखास येते. ह्या वाक्यातील ‘चांगला’ हे विशेषण शाळेचे वर्णन करते, शेजाऱ्यांचे करते, की घराच्या भावी किमतीचे? सँड्रा ब्लॅक ह्यांनी १९९९ साली मॅसॅच्युसेट्समधील उपनगरांविषयी दाखविले, की शाळांच्या हद्दरेषेच्या दोन बाजूंच्या घरांत चाचणीगुण ५ टक्क्यांनी अधिक असलेल्या बाजूस पालक सुमारे अडीच टक्के अधिक किंमत मोजतात. अर्थात् गुणांनी घराची किंमत वाढते, किमतीने करपात्र मूल्य वाढते, मूल्याने शाळेचे उत्पन्न वाढते आणि किमतीमुळेच गरीब कुटुंब रेषेबाहेर राहते. ‘चांगला’ हे विशेषण ह्या चक्रातील कोणत्याही एका आऱ्यावर बोट ठेवीत नाही. म्हणूनच ते सर्वांना सोयीचे वाटते.

शॉन रिअर्डन ह्यांच्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने ह्या विशेषणाची आणखी एक बाजू उघडी केली. डिस्ट्रिक्टाचे सरासरी गुण हे तेथील कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट जोडलेले आढळतात; पण तिसरीपासून आठवीपर्यंत मुले किती पुढे सरकली हे मोजले, तर तो संबंध फार सैल होतो. शिकागो शहरातील मुलांनी, ज्यांचे सरासरी गुण कमीच होते, पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकी प्रगती केली होती. गुणांची पातळी घर सांगते. गुणांची वाढ शाळा काही अंशी सांगते. ‘परफॉर्मन्स’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, जसा ‘कंट्रोल’ कारभार व ऐपत ह्या दोन्हींसाठी वापरला गेला.

एजवुड डिस्ट्रिक्ट आजही आहे. २०१६ मध्ये टेक्ससच्या शिक्षण आयुक्तांनी तेथील कारभार बिघडल्याच्या कारणावरून निवडून आलेल्या विश्वस्त मंडळाचे अधिकार काढून घेऊन नियुक्त व्यवस्थापकांचे मंडळ बसविले. कारण योग्य होते की नव्हते हा निराळा विषय आहे. १९७३ च्या निकालपत्राने एजवुडला ऐपत नाकारताना ज्या दुसऱ्या अर्थाचे, म्हणजे कारभाराचे, आश्वासन पुढे केले होते, तोही राज्याच्या एका आदेशाने थांबविता येतो, एवढे त्यातून कळते.